धार कमी, आधार जास्त : छोटी कातडी खरवडायची घरगुती अवजारं

माझं पहिलं कातडं फाटलं ते सुरीला फार चांगली धार होती म्हणून. शेळीचं कातडं होतं, हलगीवर चढवायचं होतं. घरातला एक सपाट पाट घेतला, त्यावर कातडं पसरलं आणि मटणाच्या सुरीनं आतली चरबी काढायला बसलो. अर्ध्या तासात बोट-बोटभर लांबीचे तीन काप पडले. हलगी मढवणाऱ्या एका वयस्कर कारागिरांना ते नेऊन दाखवलं. काप बघून त्यांनी एवढंच विचारलं, "फळीवर केलंत ना?" मग त्यांनी अंगणात तिरका टेकवलेला गोल ओंडका दाखवला आणि हातात लोखंडाची एक पट्टी दिली. पट्टीच्या कडेवरून मी अंगठा फिरवला, अंगठ्यावर साधा ओरखडाही उठला नाही. त्याच पट्टीनं त्यांनी वीतभर जागा चार-पाच वेळा घासून पांढरीशुभ्र केली.

हा लेख त्या ओंडक्याबद्दल आणि त्या पट्टीबद्दल आहे. हलगी, दिमडी किंवा संबळाचं पान स्वतः मढवू बघणारे, करडाचं किंवा पाळीव सशाचं केसाळ कातडं राखू बघणारे, हस्तकलेचे शिक्षक, या सगळ्यांची पहिली अडचण एकच असते. कातडं कमावायच्या कृती सहज मिळतात, पण त्याआधी ते आतून साफ कशानं करायचं हे कुणी नीट सांगत नाही. कारखान्यात त्यासाठी यंत्रं असतात. घरी लागणारी अवजारं मात्र पुण्यात एका रविवारी जमवता येतात.

कातडं कोणाचं?

अवजारांच्या आधी कायदा. घोरपड, मुंगूस, उदमांजर, रानससा यांपैकी कोणाचंही कातडं घरात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे. मेलेला वन्यप्राणी सापडला तरी तो सरकारी मालमत्ता असतो; वनविभागाला कळवायचं आणि बाजूला व्हायचं. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं लावत, म्हणून आजही कोणी ते सुचवतं. सरळ नाही म्हणा. शेळीच्या कोवळ्या कातड्यावर दिमडी छान बोलते.

आपल्या कामाची कातडी दोनच : शेळीची, करडासकट, आणि पाळलेल्या सशाची. शेळीचं कातडं ओळखीच्या, परवानाधारक मटणवाल्याकडून घ्या. कॅम्पातलं शिवाजी मार्केट असो की तुमच्या कोपऱ्यावरचं दुकान, आदल्या दिवशी सांगून ठेवा की कातडं सुरीनं कापत न काढता मूठ घालून ओढून सोला. सुरीचा घाव आतल्या बाजूला दिसतो न दिसतो, पण ताण बसला की कातडं नेमकं तिथेच उलगडतं. आजारानं मेलेल्या जनावराचं कातडं फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्याचं कारण पुढे येईल.

नेमकं काय काढायचं?

सोललेलं कातडं उलटं करून बघा. पोटाकडे आणि बगलेत चरबीचे पांढरे-पिवळे गोळे असतात, मानेजवळ मांसाचे लाल धागे असतात आणि सगळ्यावर एक ओला, चिकट पापुद्रा असतो. खरं चामडं या सगळ्याच्या खाली आहे. मीठ, तुरटी किंवा बाभळीच्या सालीचं पाणी चरबीतून आत शिरत नाही. चरबी जिथे राहते तिथे कातडं कच्चं राहतं, महिन्याभरात वास मारतं आणि केसाळ कातडं असेल तर त्या जागेचे केस झडतात. हलगीच्या पानावर असा जाड ठिपका राहिला तर तेवढी जागा मुकी होते.

म्हणजे काम कापायचं नाही, ढकलून सोडवायचं आहे. माणसाला हे फार आधीपासून ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात प्रवरेकाठी नेवाशाला मध्य पुराश्मयुगातली जी दगडी हत्यारं उजेडात आणली, त्यांत मोठा भरणा खरवडायच्या हत्यारांचा आहे. पुरातत्त्वाच्या मराठीत त्यांना तासणी म्हणतात. दगडाची एक कड झिलपे काढून ठाशीव, बुटकी केलेली असते, सुरीसारखी पातळ नसते. आपल्यालाही तासणीच करायची आहे, फक्त लोखंडाची.

पहिलं अवजार : गोल आधार

बहुतेक जण पात्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी आधार करा. सपाट फळीवर पातं टेकलं की त्याची सगळी लांबी एकदम कातड्याला लागते, किंवा फक्त टोक लागतं. पहिल्या प्रकारात काही निघत नाही, दुसऱ्यात भोक पडतं. गोल पृष्ठावर पातं एका वेळी जेमतेम दोन बोटं जागेला भिडतं, जोर तिथेच लागतो आणि पात्याची टोकं हवेत राहतात.

चामडं कमावणारे लाकडाचा ओंडका वापरत. शहरात त्याला सोपा पर्याय म्हणजे ड्रेनेजचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. प्लंबिंगच्या दुकानात उरलेला चार फुटी तुकडा मिळतो. त्याचं एक टोक भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात रोवा, दुसरं आपल्या कमरेच्या उंचीवर येईल असं एखाद्या घट्ट स्टुलावर किंवा घडवंचीवर बांधा. वरच्या टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचे चार-पाच वेढे द्या, म्हणजे कातडं घसरत नाही आणि पोटाला कड टोचत नाही. काम करताना कातड्याचा वरचा काठ पोट आणि पाइप यांच्यात दाबून धरायचा असतो. दोन्ही हात त्यामुळे पात्यासाठी मोकळे राहतात.

पाइपवरून ओला तळहात फिरवून बघा. सांधा, चरा, वाळूचा कण, काहीही हाताला लागलं तर पॉलिश पेपरनं घासून टाका. कातड्याखाली मोहरीएवढा उंचवटा असला तरी वरून पातं गेलं की तिथे भोक पडतं. हेच केसांत अडकलेल्या कुसळांचं. पावसाळा सरला की पुण्याच्या टेकड्यांवर चरणाऱ्या शेळ्यांच्या अंगात कुसळं भरतात. खरवडण्याआधी केसांची बाजू धुऊन, जुना कंगवा फिरवून ती काढलीच पाहिजेत.

सशाचं कातडं पोट न फाडता पायातला मोजा काढावा तसं उलटं ओढून काढतात. त्याच्या आत ११० मिलिमीटरचा पाइप जात नाही. त्यासाठी जुनं मुसळ घ्या. लोखंडी वसवी काढून टाका, टोक गोल घासा आणि मोजा चढवावा तसं कातडं त्यावर चढवा. पायांच्या अरुंद नळ्यांसाठी लाटणं पुरतं. एकदा या कामाला लावलेलं मुसळ, लाटणं किंवा चमचा स्वयंपाकघरात परत जात नाही. त्यावर रंगाची पट्टी मारून ठेवा.

दुसरं अवजार : दोन मुठींची तासणी

हिच्यासाठी दोन गोष्टी चालतात. पहिली, एक इंच रुंद आणि तीन मिलिमीटर जाड साधी लोखंडी पट्टी, सव्वा फूट लांब. फॅब्रिकेशनच्या कोणत्याही दुकानात तुकडा मिळतो. दुसरी आणि अधिक टिकाऊ, पॉवर हॅकसॉचं जुनं पातं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अशी वापरून टाकलेली पाती दिसतात. चांभारी कामाची रापीही अनेक जण याच पात्यातून घडवून घेतात, इतकं ते पोलाद चिवट असतं. दात मात्र ग्राइंडरवर पूर्ण उडवून घ्या. पातं तापून निळं पडलं तर त्याची कड मऊ होऊ शकते, म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवत घासायला सांगा.

दोन्ही टोकांना चार-चार इंच मुठीसाठी सोडा. लाकडी मूठ बसवता आली तर उत्तम, नाही तर आधी जुन्या सुती कापडाची पट्टी आणि वर सायकलच्या ट्यूबचे वेढे. हाताला चरबी लागली की उघडं लोखंड हातातून निसटतं.

मधल्या सात-आठ इंचांच्या दोन कडा वेगवेगळ्या करायच्या. एक कड कानस आडवी धरून अगदी काटकोनात, चौकोनी ठेवा. ही रोजच्या कामाची. दुसरी थोडी उतरती करा, पण टोकाला नखभर बोथटपणा राहू द्या. ही मानेजवळच्या हट्टी धाग्यांसाठी. दोन्हींची कोपरी कानशीनं गोल करायला विसरू नका. भोकं पडतात ती बहुतेक कोपऱ्यांनी.

तासणी नीट झाली का हे कातड्यावर तपासू नका. केळ्याची साल लाटण्यावर पालथी घाला, आतली पांढरी बाजू वर, आणि तासणी ढकला. पांढरा गर निघाला आणि साल शाबूत राहिली तर अवजार तयार. साल कापली गेली तर धार जास्त आहे. कानशीचे दोन हात आणखी फिरवा.

छोटी अवजारं

स्टीलचा जाड चमचा. त्याची पुढची कड खडबडीत फरशीवर घासून सपाट करा. कानांमागे, पायांच्या टोकांना आणि शेपटीच्या बुडाशी जिथे तासणी पोचत नाही, तिथे हा चालतो.

बोथट रापी. तिची दोन्ही कोपरी गोल करून घ्या. मोठा चरबीचा गोळा मुळातून सुटा करायला ती लागते. तो गोळा सुटला की रापी खाली ठेवायची.

नारळाची खवणी. तिच्या गोल दातेरी कडेनं पापुद्रा छान फाटतो, म्हणून शेळीच्या मानेसारख्या जाड भागावर ती हलक्या हातानं फिरवून मग तासणी ढकलली तर काम निम्मं होतं. विळीवरून ती काढून लाकडी मुठीत बसवा. सशाच्या कातड्याला मात्र खवणी लावू नका. ते कातडं ओल्या कागदासारखं असतं.

वजरी. टाचा घासायची ती. हिचं काम शेवटी येतं, कातडं वाळून ताठ झाल्यावर. उरलेले बारीक धागे वजरीनं गोल-गोल घासले की आतली बाजू मखमली होते. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या पितळी वजऱ्या बघायला मिळतात. एवढ्याशा वस्तूवरचं कलाकाम बघाच, पण त्यांचा खालचा खरबरीत भागही निरखा. कशाला काय घासायचं याचा विचार आपल्या घरांमध्ये किती बारकाईनं झाला होता ते कळतं.

प्रत्यक्ष काम

शेळीचं कातडं घरी आलं की लगेच थंड पाण्यानं धुवा. त्याच दिवशी खरवडणं शक्य नसेल तर आतल्या बाजूला जाडं मीठ चोळा, कातड्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं. दोन किलोच्या कातड्याला किलोभर. कंजूषी केली तर घड्यांमध्ये सडायला सुरुवात होते. खरवडण्याआधी मीठ धुऊन, कातडं पिळवटून न काढता निथळत ठेवा. भांडी प्लॅस्टिकची घ्या. मीठ आणि तुरटी ॲल्युमिनियम खातात.

आता दोन वाटा होतात. पान मढवायचं असेल तर केस नको असतात, म्हणून कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवतात. चुन्यानं केसांची मुळं सैल होतात आणि कातडं फुगतं. फुगल्यावर आतला पापुद्रा वेगळा दिसू लागतो आणि खरवडणं सोपं होतं. चुन्याचं काम चष्मा आणि हातमोज्यांशिवाय करू नका. केसाळ कातडं राखायचं असेल तर चुन्याला हातही लावायचा नाही. तिथे आधी मोठी चरबी काढायची, मग मीठ-तुरटीच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवायचं आणि नंतर उरलेला पापुद्रा काढायचा. सशाच्या कातड्याला तर हीच रीत. ताज्या कातड्यावर जो पापुद्रा चिकटून बसतो आणि ओढला तर कातडं फाडतो, तो तुरटीच्या पाण्यानंतर बोटांनी उचलला तरी कागदासारखा निघतो. तासणीचं काम अशा वेळी फक्त त्याची कड मोकळी करायची.

ढकलायची दिशा मानेकडून शेपटीकडे, म्हणजे केस ज्या बाजूला झुकतात त्या बाजूला. उलट दिशेनं गेलात तर केसांची मुळं उघडी पडतात. सुरुवात पाठीच्या मधल्या पट्ट्यापासून करा. तिथे कातडं जाड आणि सहनशील असतं. हात बसला की दोन्ही बाजूंना सरका. पोट आणि बगला सगळ्यात शेवटी, कारण तिथे ते सगळ्यात पातळ असतं. तासणी पुढे किंचित झुकलेली धरा आणि खांद्यानं ढकलायचं नाही, सगळं अंग पुढे झुकवायचं. खांदे दुखायला लागले तर आधार फार खाली आहे असं समजा.

कधी थांबायचं? ओलं असताना आतली बाजू एकसारखी, किंचित निळसर पांढरी दिसू लागली की. तिथून पुढे बारीक काळे ठिपके दिसू लागले तर ती केसांची मुळं आहेत आणि तुम्ही चामडंच तासताय. ती जागा तशीच सोडून पुढे जा. भोक पडलंच तर त्याभोवती खरवडू नका. भोकाची कड दुमडून बारीक सुईनं शिवून टाका आणि मग काम चालू ठेवा.

शेळीच्या एका कातड्याला पहिल्यांदा तीन तास लागतील. ते एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका, पण दर पंधरा मिनिटांनी पाणी शिंपडत राहा. कोरडा पडलेला पापुद्रा कोणत्याच अवजाराला दाद देत नाही.

पुण्याची हवा

या कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, माघ सरेपर्यंत. हवा कोरडी असते, कातडं रात्रभर टिकतं आणि सावलीत दोन-तीन दिवसांत शिस्तीत वाळतं. एप्रिल-मेमध्ये पहाटे काम करा आणि वाळवताना ऊन टाळा. वरचा थर पटकन कडक झाला की आतली ओल अडकून बसते. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो हे काम काढूच नका. मिठानं भरलेलं कातडं हवेतलं पाणी ओढतं आणि आठवडाभर ओलंच राहतं. पावसात चामड्याचं पान उतरतं, आवाज बसतो, हे पुण्यातल्या ढोलवाल्यांना चांगलं माहीत आहे. फायबरची पानं आली त्यामागे हेही एक कारण आहे. हलगीवाला मात्र अजून शेकोटीवर हलगी शेकून घेतो आणि चामड्याचाच आवाज काढतो.

तब्येत आणि शेजार

आजारी जनावराचं कातडं नको म्हटलं ते काळपुळीमुळे. या रोगाचा जंतू कातड्यात आणि केसांत वर्षानुवर्षं टिकतो. चामडी वाद्यांवरच्या आयात कातड्यांमधून संसर्ग होऊन २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि २००८ मध्ये लंडनमध्ये माणसं दगावली. निरोगी, तपासलेल्या जनावराच्या कातड्यात हा धोका फारच कमी, तरी रबरी हातमोजे, प्लॅस्टिकचा ॲप्रन आणि मास्क सोडू नका. कोरडं कातडं वजरीनं घासताना तर मास्क हवाच. हाताला उघडी जखम असेल तर त्या दिवशी काम नाही. नंतर कातडीवर काळ्या खपलीचा, न दुखणारा फोड आला तर डॉक्टरांना कातड्याच्या कामाबद्दल आवर्जून सांगा.

निघालेली चरबी बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. ती पाइपमध्ये गोठते. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्याच दिवशीच्या ओल्या कचऱ्यात द्या, किंवा जागा असेल तर दोन फूट खोल पुरा. गच्चीवर उघडी ठेवलीत तर आधी घारी येतील आणि मग सोसायटीचे अध्यक्ष.

शेजारच्यांच्या नाकाचा प्रश्न खरा आहे. पण या कामाकडे नाक मुरडण्यात नुसता वास नव्हता, जातही होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाला चपला, मोटा आणि वाद्यं दिली, त्या ढोर, चांभार आणि मांग समाजांना त्याच कामासाठी गावाबाहेर ठेवलं गेलं. म्हणूनच कणकवलीजवळच्या गोपुरीत गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांची कातडी सोलून कमावायचं काम स्वतः हातात घेतलं, आणि वर्ध्याजवळ नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. आपण हे हौसेनं शिकत असू तर निदान एवढं करावं : ज्याच्याकडून शिकलो त्याच्या कौशल्याचे पैसे द्यावेत आणि तो कारागीर आहे असंच लोकांना सांगावं.

अवजारांची निगा

काम संपलं की तासणी राखेनं किंवा कपड्याच्या साबणानं घासा, पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. मिठामुळे रात्रीत गंज चढतो. बाभूळ, तरवड किंवा हिरड्यात कातडं कमावणार असाल तर गंजाबाबत दुप्पट सावध राहा. हिरडा आणि लोखंडाचं हिराकस एकत्र आलं की काळी शाई होते. आपले जुने लेखनिक अशीच शाई करत. गंजक्या पट्टीचा ओरखडा अशा कातड्यावर निळा-काळा उमटतो आणि जात नाही. तिथे स्टीलची पट्टी वापरा.

शेवटची तपासणी खिडकीत. केस काढलेलं, साफ झालेलं कातडं दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. प्रकाश सगळीकडून सारखा झिरपला तर पान बोलेल. कुठे गडद ढग दिसला तर तिथे पापुद्रा राहिला आहे. कुठे लख्ख चांदणं दिसलं तर तिथे हात जड पडला. पुढच्या कातड्याच्या वेळी नेमकं काय सुधारायचं ते हा उजेड सांगतो.

माझी ती पट्टी अजून आहे. कोणी अवजारं बघायला आलं की आधी पट्टी उचलतं आणि अंगठ्यानं धार बघतं. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतो आणि कोपऱ्यात तिरका टेकवलेला पाइप दाखवतो.